पिवळ्या घंटांचा कागद

भेटवस्तू गुंडाळायला किती खर्च यावा, याबद्दल माझी मतं पक्की होती. ती मी गल्लीच्या सभेत बोलून दाखवली, ही माझी पहिली चूक. बोलताना मी उभा राहिलो, ही दुसरी. बसून बोललेलं लोक विसरतात. उभं राहून बोललेलं मात्र सगळे लक्षात ठेवतात, आणि आमच्या आंबातो शहरात लोकांना लक्षात ठेवण्यापलीकडे दुसरा उद्योग नाही.

विषय साधा होता. दर नाताळला आमच्या गल्लीची समिती चर्चच्या सभागृहात परिसरातल्या मुलांना भेटी वाटते. भेटी एक चपलांचा दुकानदार फुकट देतो, पण त्या गुंडाळायचा खर्च समितीचा. हे खातं इतकी वर्षं डोन्या एतेल्विनांकडे होतं. बाई चांगल्या आहेत. त्यांच्या हातचा पाव खाऊन कोणी वाईट बोललेलं मी ऐकलं नाही. पण रिबिनीच्या बाबतीत त्यांचा हात फार सैल. खोक्यावर रिबिनीचं एक फूल त्यांना पुरत नाही, त्या फुलाच्या डोक्यावर आणखी एक फूल बसतं. गेल्या नाताळात कागद, रिबिन, चिकटपट्टी आणि नावाच्या चिठ्ठ्या मिळून त्यांनी एकशे ऐंशी डॉलर उडवले. आणि ते सगळं मुलांनी डोळ्यांदेखत टराटरा फाडलं.

मला तो आवाज सहन होत नाही. आमच्या घरात भेट फाडत नाहीत, उघडतात. चिकटपट्टीखाली नख घालायचं, हळूहळू पुढे सरकायचं, कागद मोकळा करायचा. मग पिएदाद, म्हणजे माझी बायको, त्यावर मंद इस्त्री फिरवून तो कपाटाच्या खालच्या खणात ठेवते. चांदण्यांचा एक निळा कागद माझ्या वाढदिवसाला इतक्या वेळा आलाय, की आत काय आहे यापेक्षा कागदाची तब्येत कशी आहे हेच मी आधी बघतो. पिएदादला या पद्धतीबद्दल काय वाटतं हे मी कधी विचारलं नव्हतं. इस्त्री तीच करते, म्हणजे तिला आवडत असणार, असा माझा समज होता.

तर सभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "हे अर्ध्यात होईल."

"काय अर्ध्यात होईल?" डोन्या एतेल्विनांनी विणकाम न थांबवता विचारलं.

"सगळं. कागद, रिबिन, चिकटपट्टी. नव्वद डॉलर. एक सेंट वर नाही. उभा जन्म हिशेब लिहिण्यात गेलाय माझा."

"आणि नाही झालं तर, डोन अनसेल्मो?"

इथे शहाण्या माणसानं खाली बसावं. पण लोक माझ्याकडे बघत होते, आणि लोक माझ्याकडे बघतात असे प्रसंग फार येत नाहीत. "नाही झालं तर," मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "एकतीस तारखेला म्हातारा म्हणून मला जाळा!"

सभागृहात आनंदाची लाट उसळली. वर्ष संपताना आमच्याकडे गल्लीगल्लीत जुन्या कपड्यांत भुसा आणि कागद कोंबून एक म्हातारा बनवतात. सरत्या वर्षात ज्यानं लोकांना सगळ्यात जास्त छळलं त्याचा मुखवटा त्याला चढवतात, आणि बाराच्या ठोक्याला पेटवून देतात. म्हाताऱ्याला तोंड कुणाचं द्यायचं यावर दरवर्षी भांडणं होतात. या वर्षीचा प्रश्न सप्टेंबर संपायच्या आत सुटला, म्हणून लोक मनापासून टाळ्या वाजवत होते. समितीचे सचिव डोन विल्फ्रिदो यांनी नवा खजिनदार म्हणून माझं नाव आणि माझं वाक्य जसंच्या तसं नोंदवून घेतलं आणि शेवटी विचारलं, "जाळा की जाळावे?"

आता खरेदी. स्वस्त कागद हवा तर सोमवारच्या बाजारात जावं, हे कुणीही सांगेल. मात्र जाताना चष्मा काढून जावं, हे फक्त मी सांगतो. चष्मेवाला माणूस दिसला की बाजारवाली मनात भाव चढवते. चष्मा नसेल, कोट जुना असेल आणि माणूस थोडा ठेचकाळत चालत असेल, तर भाव आपोआप उतरतो. हा माझा अनेक वर्षांचा अभ्यास आहे. मी ठेचकाळत एका कागदवालीपुढे उभा राहिलो. हिरवी फेल्टची टोपी घातलेली जाडजूड बाई होती. (चष्मा नसल्यामुळे टोपी आधी मला कोबीचा गड्डाच वाटली होती.)

"या, माझ्या लाडक्या गिऱ्हाइका!" तिनं मला जन्मात पहिल्यांदा बघून म्हटलं. "किती दिवसांनी आलात!"

तिच्या ढिगातला एक कागद मला एकदम आवडला. चकचकीत, पांढऱ्या जमिनीवर भरगच्च पिवळ्या घंटा. नाताळ, घंटा, चर्च, सगळं कसं जुळून आलं. शिवाय इतर कागदांच्या निम्म्या भावात.

"इतका स्वस्त कसा?" मी विचारलं.

"याला महिनाभरच मागणी असते हो. उरला की वर्षभर पडून राहतो."

"घंटांचं तसंच असतं," मी म्हणालो.

तिनं पुढे वाकून माझ्या डोळ्यांत बघितलं. मग तिनं एकदम मऊ आवाजात भाव आणखी उतरवला. मी तरीही यापा मागितली. यापा म्हणजे घेतलेल्या मालावर बाजारवाली फुकट घालते ते वरचं. ती मागितली नाही तर बाजारात आपल्याला कोणी माणूस समजत नाही. एरवी यापा म्हणजे चार शेंगा किंवा एखादा कांदा. या बाईनं अख्खी एक गुंडाळी वर घातली. मी विजयी मुद्रेनं खिशात हात घातला. साठ डॉलरमध्ये सगळा कागद! तीस डॉलर शिल्लक! डोन्या एतेल्विनांचं तोंड कसं होईल, याचं चित्र मी चष्म्याशिवायही स्पष्ट बघत होतो.

गुंडाळ्या उचलायला गेलो तेव्हा पहिल्यांदा कळलं की कागदाला वजन असतं. दुकानातून दोन-चार गुंडाळ्या काखेत मारून आणणाऱ्यांना हे कळत नाही. पाठुंगळीला मारून बस पकडायला गेलो, तर कंडक्टर म्हणाला, "मालक, तुम्ही बसा, पण खांब बाहेर राहू द्या." शेवटी छोटा टेम्पो केला. टेम्पोवाल्यानं भाव सांगितला, मी चष्मा नसल्याचा फायदा घ्यायला गेलो, तो म्हणाला, "भाव ऐकायचा असतो काका, बघायचा नसतो." बारा डॉलर गेले.

घरी पिएदादनं एक गुंडाळी थोडी उलगडली. मान वाकडी करून बघितली. "अहो, या घंटा तुम्ही नीट बघितल्यात का?"

"बघितल्या. शुभ दिसतात."

"एकदा चष्मा लावून बघा."

मी चष्मा लावून बघितला. घंटाच होत्या. माणसानं एकदा मनाशी घंटा ठरवल्या की चष्म्याच्या बापालाही दुसरं काही दिसत नाही. "घंटा आहेत," मी म्हणालो. ती उगाच ओठ दाबून आत गेली.

दुसऱ्या दिवशी डोन विल्फ्रिदोंनी पावती मागितली. हे गृहस्थ कर खात्यातून निवृत्त झाले, पण ते फक्त शरीरानं.

"बाजारवाली पावती देत नाही हो," मी म्हणालो.

"पावती नाही तर खर्च नाही. खर्च नाही तर कागद नाही."

"कागद समोर पडलाय की माझ्या दिवाणखान्यात!"

"तो तुम्हाला दिसतो, शेजारी. समितीला दिसत नाही."

विक्रेत्याकडे पावती नसेल तर घेणाऱ्याला एक अर्ज भरून खर्च नोंदवता येतो, असं त्यांनीच सांगितलं. त्यासाठी विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत लागते. म्हणून पुढच्या सोमवारी मी पुन्हा त्या बाईकडे गेलो.

"ओळखपत्र? कशाला? लग्नबिग्न करायचंय?" ती ओरडली. शेजारच्या कांदेवालीनं लगेच माझं तपशीलवार निरीक्षण केलं आणि "नको गं" अशी मान हलवली. हा अपमान मी समितीखात्यावर टाकला. ओळखपत्र मिळालं, पण तिच्याकडून दोन टोपल्या लसूण विकत घेतल्यावर. लसूण तिच्या बहिणीचा होता. मग झेरॉक्स. मग कचेरीतली खिडकी. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, प्रत रंगीत हवी. रंगीत आणली तर म्हणाल्या, यात बाईंची टोपी हिरवी दिसत्येय, मूळ ओळखपत्रात टोपी नाही. मी म्हणालो, मूळ ओळखपत्रातही टोपी आहे, तिच्यावर मीच चुकून अंगठा ठेवलाय. असं होता होता अर्ज पास झाला तेव्हा कागदाचा हिशेब साठावरून शहाऐंशीवर गेला होता, आणि अजून चिकटपट्टी घ्यायची होती. आमच्या घरात महिनाभर सगळ्यात लसूण पडत होता.

नाताळच्या आधीच्या शनिवारी गुंडाळायला मंडळी माझ्या घरी जमली. जमली म्हणजे गल्लीतल्या सगळ्या बायका, आणि त्यांच्या मागे काही पुरुष सल्ला द्यायला. डोन्या एतेल्विना सुद्धा आल्या. मला वाटलं, मोठं मन. पहिली गुंडाळी उलगडली तशा बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. डोन्या एतेल्विनांनी डोळा मारल्यासारखं काहीतरी केलं, आणि सगळ्या एकदम गंभीर झाल्या. दिवसभर असंच. मधूनच कोणी फुटायची, कोणी आतल्या खोलीत पळायची. काटकसरीनं घरात कसं प्रसन्न वातावरण राहतं, हे मी पिएदादला दाखवून दिलं. ती म्हणाली, "हो ना."

पण चपलांच्या दुकानदारानं या वर्षी काय पाठवावं? चेंडू! सगळे चेंडू. खोकी नाहीत, बाहुल्या नाहीत, गाड्या नाहीत. फुगवलेले, गोल, बिनकोपऱ्याचे चेंडू. माणसानं चेंडू गुंडाळून बघितल्याशिवाय त्याला नम्रता म्हणजे काय ते समजणार नाही. कागद एका बाजूनं बसवला की दुसऱ्या बाजूनं उठतो. डोन विल्फ्रिदोंनी सल्ला दिला, हवा काढून गुंडाळा. दुसरे म्हणाले, मग मुलांना वाटेल टोपी दिली. तिसऱ्यानं विचारलं, चेंडू गोल असतो हे खर्चाचा अंदाज करताना धरलं नव्हतं का? मी त्याला कॉफी दिली नाही.

त्यातून कागद इतका चकचकीत की चिकटपट्टी त्यावर राहीना. लावली की दोन मिनिटांत शांतपणे उठून चालू लागायची. तेव्हा पिएदादनं पिठाची खळ शिजवली. ती चिकटली. इतकी चिकटली की माझ्या टेबलाचा एक पापुद्रा एका चेंडूबरोबर गेला. खळीला पीठ लागलं, पिठाला गॅस, माणसांना दुपारी पानात उकडलेल्या मक्याच्या गरम ऊमिता आणि चीज, संध्याकाळी कॉफी आणि पाव. सल्ला देणाऱ्यांना काम करणाऱ्यांपेक्षा जास्त भूक लागते हे मी डोळ्यांनी पाहिलं. पाव डोन्या एतेल्विनांकडूनच आला आणि त्यांनी पावती लगेच, न मागता दिली. रात्री मी बेरीज केली. दोनदा केली. दोनशे चार डॉलर. पिएदादला काही न सांगता मी अंथरुणावर पडलो आणि अंधारात मला भुशाचा वास यायला लागला.

तरी एक आशा होती. मुलांपुढे कार्यक्रम झक्क झाला, लोकांनी कागदाचं कौतुक केलं, तर आकड्यांकडे कोण बघतं? तेवीस तारखेला सभागृह भरलं. व्यासपीठावर पिवळ्याजर्द घंटांचे चेंडू रचले होते. लांबून दृश्य खरंच सुंदर होतं. पाद्रे तादेओ आशीर्वाद द्यायला पुढे झाले. त्यांनी एक चेंडू हातात घेतला, पाणी शिंपडलं आणि मग तो डोळ्यांजवळ नेला. मग चष्मा पुसला. मग पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

"डोन अनसेल्मो," ते ध्वनिक्षेपकातून म्हणाले, "या घंटा आहेत ना?"

"हो, पाद्रे."

"घंटेला इलॅस्टिक असतं का हो?"

मग पहिल्या रांगेतून एक बारीक आवाज आला, "चड्डी!" आणि मग छप्पर उडालं. "चड्डी! चड्डी! पिवळी चड्डी!"

वर्षाच्या शेवटच्या रात्री पिवळी चड्डी घातली की पुढचं वर्ष पैशाचं जातं, असं आमच्याकडे मानतात. डिसेंबरात रस्तोरस्ती त्या टांगलेल्या असतात. मीही घालतो. इतकी वर्षं घालून काही फरक पडलेला नाही, पण न घालून बघायची हिंमत कोणाची? तर चड्ड्या बांधून देणाऱ्या दुकानदारांसाठी काढलेला कागद मी आणला होता. नीट बघितलं तर प्रत्येक घंटेला दोन पाय जायला दोन भोकं होती. आणि ही गोष्ट माझ्या दिवाणखान्यात शनिवारी बसलेल्या प्रत्येक बाईला पहिल्या चेंडूपासून माहीत होती.

मुलं अत्यानंदात होती. इतका लोकप्रिय कागद आमच्या चर्चमध्ये आजवर आला नव्हता. एकानंही तो फाडला नाही. सगळ्यांनी खळीसकट, बोटांनी सोडवत सोडवत तो काढला आणि डोक्यावर टोपीसारखा घालून घरी नेला. जे मला आयुष्यभर माझ्या नातेवाईकांना शिकवता आलं नाही, ते त्या चड्ड्यांनी एका संध्याकाळी केलं. पण याचं श्रेय मला कोणी दिलं नाही.

डोन विल्फ्रिदोंनी जाहीर हिशेब वाचला. वर गेलेले एकशे चौदा डॉलर खजिनदारानं भरावेत, आणि सप्टेंबरमधल्या ठरावाप्रमाणे जाळावे. "जाळावे" वर त्यांनी जोर दिला.

एकतीस तारखेला सकाळी मी दार उघडलं तर गल्लीच्या तोंडाशी खुर्चीवर मी बसलो होतो. माझी पँट, माझा जुना कोट, नाकावर माझा जुना चष्मा. नाक जरा जास्त लांब केलं होतं. सबंध अंगावर, यापा म्हणून मिळालेल्या त्या गुंडाळीतला पिवळा कागद. गळ्यात पाटी, 'मी घंटा आहे.'

"पँट कोणी दिली?" मी घरात येऊन विचारलं.

"तुमची नाहीतरी फाटलीच होती," पिएदाद भांडी घासत म्हणाली.

"पिएदाद, तू सुद्धा?"

"चेहरा एतेल्विनानं केलाय. भुवया मी दुरुस्त केल्या. तुम्ही इतके रागीट नाही आहात, मी म्हटलं तिला."

मला खरंच वाईट वाटलं. चिडायलाही सुचेना. तेवढ्यात डोन विल्फ्रिदो आले. त्यांच्या हातात पिएदादचा काळा झगा होता. म्हाताऱ्याला विधवा लागते. गल्लीतला एखादा पुरुष काळा झगा घालून, तोंड रंगवून रस्त्यावर दोरी आडवी धरतो, गाड्या अडवून मेलेल्या वर्षासाठी गळा काढतो आणि नाणी मागतो.

"दरवर्षी तरण्या पोरांपैकी कोणी होतं," मी म्हणालो.

"दरवर्षी तूटही नसते, शेजारी. तूट तुमची, तर विधवा तुम्हीच व्हायचं. जमलेली नाणी तुमच्या नावावर वळती करू."

एकशे चौदा डॉलर म्हणजे माझ्या निवृत्तिवेतनाला केवढं मोठं भोक, हे मला कळत होतं. अशा रीतीनं, उभा जन्म हिशेब लिहिलेला मी, अनसेल्मो विय्याक्रेस, वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी काळा झगा, डोक्यावर जाळी आणि ओठांना, गालांना लाली लावून स्वतःच्या मयतावर रडायला रस्त्यात उभा राहिलो.

पहिली गाडी थांबली. "नमस्कार," मी म्हणालो. "माझे पती आज रात्री बारा वाजता दिवंगत होत आहेत. यथाशक्ती मदत करावी. हिशेब दिला जाईल."

गाडी दोरीवरून निघून गेली.

"असं कोणी रडतं का?" मागून पिएदाद ओरडली. ती दाराच्या पायरीवर बसून बघत होती. "नवरा मेलाय तुमचा! छाती पिटा!"

दुसऱ्या गाडीला मी छाती पिटली. "किती काटकसरी होता हो माझा नवरा! किती जपून राहायचा! समाजासाठी किती झिजला!" ड्रायव्हरनं जांभई दिली आणि पाच सेंटचं नाणं टाकलं.

"मी असं मुळीच म्हणणार नाही," पिएदाद म्हणाली.

"मग काय म्हणशील?"

ती उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली. पुढची गाडी थांबली तसं तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. "म्हणा, लग्न झाल्यापासून मला एक कागद फाडू दिला नाही हो या मेल्यानं!"

मी म्हटलं. गाडीतली बाई खिदळली. डॉलर पडला.

"म्हणा, माझ्या वाढदिवसाला माझ्याच गेल्या वाढदिवसाचा कागद!"

"माझ्याच गेल्या वाढदिवसाचा कागद!" मी गळा काढला.

"मलाच इस्त्री करायला लावायचा हो! उन्हाळ्यात! आणि म्हणायचा, मंद ठेव, कड जळेल!"

"मंद ठेव, कड जळेल!" मी आता खरंच छाती पिटायला लागलो होतो. गाड्या आता आपणहून थांबत होत्या. मागे रांग लागली. लोक खिडक्यांतून डोकी काढून "आणखी सांग, विधवे!" म्हणत होते. पिएदाद कानात सांगत होती आणि मी माझ्याच नावानं बोंब मारत होतो. चहाची पिशवी दोनदा वापरतो. बसमध्ये खिडकीची जागा सोडत नाही, तिकीट सारखंच पडतं म्हणून. आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तिनं नव्या कागदात शर्ट दिला, तर मी आधी कागदाची किंमत विचारली. हे मी विसरलो होतो. ती विसरली नव्हती. डब्यात नाणी खणखणत होती आणि माझ्या गालावरून लाली वाहत होती, ती सगळी घामानं नव्हती, हे इथे सांगून टाकतो.

अकराच्या सुमारास डोन विल्फ्रिदोंनी मोजलं. तूट भरून वर शिल्लक राहिली होती. लोकांनी मला उचलून घ्यायचा प्रयत्न केला, पण झगा अडकला. मी म्हणालो, "आलोच," आणि तसाच कोपऱ्यावर गेलो. तिथं शेवटच्या घटकेपर्यंत पिवळ्या चड्ड्या विकायला लोक बसलेले असतात. हिरवी टोपी मला चष्मा असल्यामुळे लगेच दिसली. तीच बाई होती.

"काय देऊ, माझ्या लाडक्या बाई? नवरा कधी गेला?"

"आज बाराला जायचाय," मी म्हणालो. "एक पिवळी चड्डी द्या, बायकांची. आणि कागद. तुमच्याकडचा सगळ्यात चांगला."

तिनं खालून एक कागद काढला. गडद लाल, सोनेरी किनार, हातात घेतला तर कुरकुरणारा. तिनं भाव सांगितला. तो ऐकून एरवी मी खाली बसलो असतो. मी पैसे काढून दिले.

ती संशयानं माझ्याकडे बघायला लागली. "भाव नाही करत?"

"नाही."

"यापा?"

"नको."

"असं कसं नको! माझ्या मालात काही खोट आहे का?" ती दुखावली. बळंच तिनं एक लाल रिबिन वर घातली. "दुःखात माणसाचं डोकं चालत नाही. मध्यंतरी एक बिचारा आला होता. चड्ड्यांच्या कागदाला घंटा म्हणत होता. डोळे गेलेले. मला इतकी दया आली, अख्खी गुंडाळी यापा दिली त्याला."

मी तिचे आभार मानले. त्याच्या वतीनं.

परत आलो तेव्हा म्हाताऱ्यावर रॉकेल शिंपडणं चाललं होतं. बाराचे ठोके पडले, पिवळा कागद भसकन पेटला आणि मी चांगला जळलो. चकचकीत असल्यामुळे ज्वाळा हिरव्यानिळ्या निघत होत्या. डोन्या एतेल्विना म्हणाल्या, इतका सुंदर म्हातारा आजवर जळला नव्हता, आणि हे त्या मनापासून म्हणाल्या. सगळे एकेक करून आगीवरून उड्या मारत होते. मी झगा सावरून पिएदादपुढे उभा राहिलो आणि तिच्या हातात ते पुडकं ठेवलं. मीच गुंडाळलं होतं, रिबिनीचं फूल आणि त्यावर आणखी एक फूल.

"फाड," मी म्हणालो.

तिनं पुडकं उलटसुलट करून बघितलं. कागदावरून बोट फिरवलं. "केवढ्याला घेतलात?"

"विचारू नकोस. फाड."

सगळी गल्ली गोळा झाली. "फाडा! फाडा!" पिएदादनं दोन्ही हातांत कागद धरला, डोळे मिटले. मग डोळे उघडले आणि हळूच चिकटपट्टीखाली नख घातलं.

"अहो, इतका सुरेख कागद," ती अगदी लहान आवाजात म्हणाली, "मला नाही फाडवत."

मी तिच्या हातावर माझे हात ठेवले आणि दोघांनी मिळून ओढलं. टर्रकन आवाज झाला, गल्लीच्या टोकापर्यंत. पिएदाद आधी दचकली, मग हसायला लागली, आणि हसताहसता तिनं डोळे माझ्या झग्याला, म्हणजे तिच्याच झग्याला पुसले. पिवळी चड्डी कोणीतरी काठीवर लावून मिरवायला घेऊन गेलं. तो आवाज वाईट नव्हता. कदाचित मी लहानपणापासून चुकीच्या बाजूनं ऐकत होतो.

पहाटे झोपायला आलो तर पिएदाद टेबलाशी बसून लाल कागदाचे दोन तुकडे मांडीवर सपाट करत होती. माझी चाहूल लागताच तिनं ते शालीखाली लपवले. मी जाऊन इस्त्री गरम करायला ठेवली, मंदावर.